आजीच्या वाट्याचा चहा

आजी गेल्यापासून आजोबा सकाळी दोन कप चहा करतात. एक स्वतःचा, दुसरा जेवणाच्या टेबलाशी आजीच्या खुर्चीसमोर. स्वतःचा पितात, पेपर वाचतात आणि मग तिचा गार झालेला, साय धरलेला कपही उचलून संपवतात. आई आधी त्यावरून बोलायची, आता बोलत नाही. त्या खुर्चीत कुणी बसतही नाही. आमच्याकडे धुतलेल्या कपड्यांचा ढीग कुठेही पडतो, पण त्या खुर्चीवर कधीच नाही.

आजोबांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी भेटायला बोलावलं. आईला रजा नव्हती, म्हणून मी गेले. तसंही मी हल्ली कुणालाही काहीही विचारू शकते. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटायचे. आता आजोबा मला तोफ म्हणतात, आणि मला ते जाम आवडतं.

खोलीत वजनकाटा होता, दोन स्टुलं होती आणि भिंतीवर फुप्फुसांचं चित्र, एका कोपऱ्यातून सुटलेलं. पंखा फिरला की ती फुप्फुसं श्वास घेतल्यासारखी हलायची. चष्मा डोक्यावर सरकवून डॉक्टरांनी आजोबांना तोंड उघडायला लावलं, कवळीची आणि गोळ्यांची चौकशी केली. मी विचारलं, मध्येच जाग आली तर? त्या म्हणाल्या, मी पूर्ण वेळ उशाशीच असते, श्वास आणि ठोके बघत. मग त्यांनी उपाशी राहण्याचं समजावलं. भूल दिली की घशाचा पहारेकरीही झोपतो. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. चहासुद्धा नको, कारण चहात दूध असतं आणि दूध म्हणजे जेवणच. सांगा बघू काय कळलं, असं म्हणून त्यांनी आजोबांकडून सगळं वदवून घेतलं. आजोबांनी घडाघडा म्हणून दाखवलं.

मग हळूच विचारलं, "भूल चढल्यावर तिकडे कुणी भेटतं का हो?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "नाही आजोबा. बहुतेकांना स्वप्नसुद्धा पडत नाही. डोळे मिटले, डोळे उघडले, मधलं काही नाही."

आजोबांचा चेहरा पडला. मला वाटत होतं ते घाबरलेत. ते तर आस लावून बसले होते.

ऑपरेशनच्या सकाळी चमच्याचा आवाज आला म्हणून मी स्वयंपाकघरात धावले. आजोबांनी एकच कप केला होता, आजीचा. "माझा नाही केला, नियम म्हणजे नियम," असं त्यांनी वर ऐटीत सांगितलं. मी शाबासकी दिली आणि आंघोळीला गेले. निघताना ते खुर्चीसमोर थांबले आणि म्हणाले, "जातो गं." आमच्या घरात 'जातो' कुणी म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. मी टोकणार होते, पण आईने रिक्षा थांबवून ठेवली होती.

दवाखान्यात त्यांना गाऊन घातला. काही खाल्लं-प्यायलं का, हे नर्सने विचारलं, मग डॉक्टरांनी विचारलं. दोघींना आजोबांनी 'काही नाही' सांगितलं, अगदी निर्मळ आवाजात. मग माझ्या हातात कवळी द्यायला ते वाकले. त्यांच्या पांढऱ्या मिशीला सायीचा तपकिरी तुकडा चिकटला होता.

"आजोबा, आजीचा कप कुठे आहे?"

"प्यायलो की. रोजच पितो."

"म्हणजे तुम्ही चहा घेतलाय."

"मी कुठे घेतला? तो तिचा होता."

डॉक्टरांचं पेन थांबलं. आजोबांना खरंच तसं वाटत होतं की त्यांनी मुद्दाम केलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "आजोबा, कप कुणाचा ते पोटाला कळत नाही." ऑपरेशन दोन दिवसांनी पुढे गेलं. आई वाटभर धुसफुसत होती. आजोबा एवढंच म्हणाले, ती वाट बघत असेल. कुठे, असं विचारायची या तोफेचीही छाती झाली नाही.

दोन दिवसांनी पुन्हा एकच कप. वाफ विरली, साय धरली. कप मोरीत ओतायचं मी ठरवून ठेवलं होतं. पण आजोबांचा हात कपाकडे सरकला. असाच ठेवून गेलो तर तिला वाटेल मी तिला टाकलं, असं म्हणाले.

मग मी खुर्ची ओढली आणि बसले.

गादी गार असायला हवी होती. नव्हती.

मी कप उचलून तोंडाला लावला. शेवटी शेवटी आजीला साखर बंद होती, आणि हा चहा म्हणजे नुसता पाक. साय ओठांना चिकटली, तरी मी तळापर्यंत प्यायले. आजोबा बघत होते, पण माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या जरा वर.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. आता या जाऊन." हे मीच म्हणाले, पण असं मी एरवी कधी म्हणत नाही.

"येतो," ते म्हणाले. कुणाला, कोण जाणे.

ऑपरेशन छान झालं. दुपारी त्यांनी डोळे उघडले. घसा बसला होता. मी कान जवळ नेला.

"काहीच नव्हतं गं, तोफे. कुणीसुद्धा नव्हतं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी छताकडे बघितलं आणि मग ते इतके गोड हसले, कवळीशिवाय.

"म्हणजे ती घरीच आहे."

आई तिथेच थांबणार होती. त्यांचे कपडे आणायला घरी मला एकटीलाच जायचं होतं.