सकाळी सात, तलाव

शहराचं उन्हाळी पत्रक दरवर्षी शाळा सुटल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी घरोघर पडतं. चार पानं, पिवळा कागद. कुठे चित्रकलेचा वर्ग, कुठे जुन्या सायकलींचा बाजार, कुणाच्या बागेतली रोपं फुकट, सगळं त्यात. त्या शनिवारी शिट्टीबाईंनी ते दारातून उचललं, उभ्याउभ्याच दुसरं पान उघडलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

'लहान मुलांसाठी पोहण्याचा वर्ग. दुपारी एक. वाचनालयाचा हॉल.' आणि त्याच्याच खाली, 'बुद्धिबळ, सर्वांसाठी. सकाळी सात. पोहण्याचा तलाव.'

गळ्यातल्या शिट्टीवरून बाईंना ते नाव पडलं होतं. चोवीस उन्हाळे त्यांनी तलावावर काढले होते. निम्म्या शहराला त्यांनी पोहायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला पाण्याची कायमची धास्ती घातली होती. तलाव उघडायचा उन्हाळ्याचे तीनच महिने. बाकीचे नऊ महिने बाई घरात बसून गुडघे चोळायच्या आणि लेकाच्या संसारात चुका काढायच्या. सकाळी सातचा वर्ग गेला, तर बाराही महिने तेवढंच उरणार होतं, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलं कळत होतं.

पत्रक काढायचा त्यांचा सख्खा थोरला भाऊ. तो वाचनालयाचा ग्रंथपाल. आईच्या मागे तिचं शिलाईचं मशीन दादाने बहिणीला न विचारता विकलं, तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. त्याला अकरा वर्षं झाली होती. मशीन तसंही बंदच पडलेलं होतं.

तलावाच्या आणि वाचनालयाच्या चाव्या एकाच जुडग्यात आणि तो जुडगा एकाच पहारेकऱ्याच्या कमरेला. त्यामुळे सकाळी सातला शहरात एकच काहीतरी उघडायचं. आजवर तो मान पोहण्याचा. दादाच्या बुद्धिबळाला दुपारी एकची वेळ, त्या उकाड्यात चिटपाखरू फिरकायचं नाही. या वर्षी त्याने सात वाजता स्वतःला बसवलं. आता दादाची कामाची रीत अशी, की मागच्या वर्षीचं पत्रक घ्यायचं, कात्रीने पट्ट्या कापायच्या, डिंकाने नव्या जागी चिकटवायच्या. कॉम्प्युटरवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने दोन कार्यक्रमांच्या नावांच्या पट्ट्या तेवढ्या उचलून अदलाबदल केल्या. वेळ आणि ठिकाण होतं तिथेच राहिलं. बहिणीचा काटा काढायच्या घाईत गड्याने एकदाही वाचून पाहिलं नाही.

बाई तडक वाचनालयात गेल्या.

"दादा, हे काय आहे?"

"पत्रक आहे. दिसत नाही का?"

"दिसतंय म्हणूनच आले. वाचनालयात पोहायचं?"

दादाने चष्मा चढवला, वाचलं, पुन्हा वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंना ते बघून जे समाधान झालं, त्यावर त्या दोन दिवस उपाशी राहिल्या असत्या.

"दुरुस्तीची चिठ्ठी काढ," त्या म्हणाल्या.

दादाने मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे त्याच्याच हस्ताक्षरात पाटी होती, 'एकदा छापलं ते छापलं. बदल होणार नाही.' पूर्वी कधी कुणी आयत्या वेळी जागा बदलली होती आणि निम्मं शहर इकडे, निम्मं तिकडे जाऊन भांडून आलं होतं. तेव्हापासूनचा हा नियम.

"म्हणजे चूक तशीच ठेवणार?"

"चूक कुठली? बदल केलाय. तलावाच्या काठी मोकळी हवा असते. डोकं चांगलं चालतं."

"तुझं? तुझं तर छपराखालीही चालत नाही."

"आवाज कमी कर. वाचनालय आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. "सोमवारी एक वाजता येते."

आणि आल्या. मागे बावीस मुलं, सगळी पोहण्याच्या कपड्यांत, खांद्यावर टॉवेल. बाईंनी वर्तमानपत्रं बाजूला सारली, लांब टेबलांवर मुलांना पालथं निजवलं आणि शिट्टी फुंकली. चव्वेचाळीस पाय टेबलांवर धडाधड आपटू लागले. पेपर वाचायला येणारे तीन म्हातारे टोप्या सावरत बाहेर पडले.

"गुडघे ताठ! ए बेडका, पाय मार! तू काय गोणपाट आहेस का? हल की जरा!"

दादा काउंटरवरून ओरडला, "हे बंद कर!"

"पत्रकात आहे," बाईंनी शिट्टी न काढता दातांतूनच सांगितलं.

तिकडे सकाळी सात वाजता दादाही हट्टाने चार गडी घेऊन तलावाच्या काठी पट मांडत होता. काठावरच्या ओलीने प्यादी चिकटत होती, वाऱ्याने हत्ती पाण्यात पडत होते. पण मागे हटेल तर तो बहिणीचा भाऊ कसला? शहराला फुकटचा तमाशा मिळाला. उन्हाळ्यात दुसरं असतं काय?

तिसऱ्या दिवशी पत्रक समितीच्या अध्यक्षीणबाई आल्या. त्या दातांच्या डॉक्टर. त्यांच्या दवाखान्याची भिंत वाचनालयाला लागून होती, आणि टेबलांच्या दणदणाटात त्यांना कुणाच्या दाढेत धड सुई घालता येत नव्हती. त्या दारात उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना पाहिलं आणि मुद्दाम आवाज आणखी चढवला. दादाची किती फजिती झालीये ते समितीला नीट दिसायला हवं होतं ना! एक बारकीशी मुलगी टेबलाच्या कडेला घाबरून बसली होती, तिला बाई म्हणाल्या, "पड खाली, रडूबाई! तुझ्यासारख्या दगडांना बुडवूनच शिकवावं लागतं."

मुलगी हमसून रडायला लागली. डॉक्टरीणबाई पाच मिनिटं बघत राहिल्या. मग दोघा भावंडांना त्यांनी आतल्या खोलीत बसवलं.

"नियम गेला चुलीत. दुरुस्ती आजच छापायची," त्या दादाला म्हणाल्या. दादाचं तोंड एवढंसं झालं. मग त्या बाईंकडे वळल्या. "तुम्हाला नक्की काय हवंय?"

"पोहण्याचा वर्ग सकाळी सात वाजता, तलावावर. बस. दुसरं काही मागत नाही मी."

"हेच ना? नक्की?"

"अगदी हेच. लिहून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. बाई रस्त्याने जाताना भेटेल त्याला सांगत सुटल्या, दादाला कसं नमवलं, कसं त्याच्याच कात्रीने त्याचं नाक कापलं. त्या रात्री त्या दोन पोळ्या जास्त जेवल्या.

सकाळी दारात पिवळी चिठ्ठी पडली होती. 'दुरुस्ती. लहान मुलांसाठी पोहण्याचा वर्ग. सकाळी सात. पोहण्याचा तलाव.' आणि खाली एक ओळ, 'शिकवणार : ग्रंथपालांची मुलगी.'

दादाची मुलगी म्हणजे बाईंची भाची. शाळेत खेळाची शिक्षिका. तिलाही बाईंनीच पोहायला शिकवलं होतं.

बाई चपला न घालताच निघाल्या. तलावावर पोचल्या तेव्हा मुलं ओळीने काठावर बसली होती आणि भाची कमरेएवढ्या पाण्यात उभी होती.

"निघ बाहेर," बाई ओरडल्या. "बापाने पाठवलं ना तुला? आयत्या बिळावर नागोबा!"

"बाबांनी नाही, आत्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मी हो म्हटलं." भाचीने आवाज चढवला नाही. "बाबा तर नको म्हणत होते. म्हणाले, तिच्याकडे दुसरं काही नाही."

बाईंना हे ऐकायचं नव्हतं. दादाने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मीच शिकवलं तुला! विसरलीस?"

"नाही विसरले. आठ वर्षांची होते. तू मला धक्का दिलास आणि सगळ्यांना म्हणालीस, बघू दगड तरंगतो का. मी वर आले तेव्हा सगळे हसत होते. तू पण." तिने काठाकडे पाहिलं. "पोहायला आलं मला, आत्या. पण पाण्यात उतरायच्या आधी अजून मागे वळून बघते, कुणी उभं तर नाही ना."

मुलं ऐकत होती.

भाची कालच्या त्या रडणाऱ्या मुलीकडे गेली. "माझा हात तुझ्या पाठीखाली आहे. तू सांगितल्याशिवाय काढणार नाही." मुलगी हळूच पाण्यावर आडवी झाली. बराच वेळ ती नुसती आकाशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काढ." भाचीने हात काढला. मुलगी तरंगत राहिली.

बाईंना राग आला, खूप आला, पण तो नेहमीसारखा दादावर जाईना. शहरातल्या ज्या निम्म्या लोकांनी पुन्हा पाण्यात पाय घातला नाही, त्यांतल्या कितींची नावं आपल्याला आठवतात, ते त्या मोजायला लागल्या, आणि मोजता मोजता काठावरच बसल्या.

"ओ बाई," काठावर शेजारी बसलेली एक मुलगी जरा दूर सरकत म्हणाली, "तुम्ही आम्हाला ढकलणार तर नाही ना?"