घरच्यांना माहीत आहे का?

सकाळी साडेसातला पिपरी मेघेतल्या त्या घरात पोह्यांच्या ताटल्यांशेजारी फॉर्मांचा गठ्ठा पडला होता. इलाचा दीर सुमीत कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होता, विषय गुन्हेशास्त्र. वर्गातल्या चाळीस मुलांच्या व्यसनांचे सर्वेक्षण सरांनी त्याच्याकडे दिले होते आणि तो ते घरीच बसून भरत होता. 'दारू पिता का?' नाही. 'गांजा, गोळ्या?' नाही.

"वहिनी, दहा तुम्ही भरा. सगळीकडं माह्यंच अक्षर दिसून राह्यलं."

"मुलांना का नाही विचारलं, भाऊजी?"

"काय विचारू? अर्धा वर्ग काल माह्यासंगच बसला होता." तो हसला. "आपला जिल्हा दारूबंदीचा हाय. इथं उत्तर 'नाई'च असते."

तो वाकला तसा दारूचा वास आला. हा वास कालचा नव्हता. आणि आठ वाजता त्याच्याच गाडीवर, पुढे बसून, इलाची चार वर्षांची मुलगी काजल बालवाडीत जायची.

तिला त्याच्याबरोबर न पाठवायला महिनाभर इलाने कारणे काढली. ताप, खोकला, सुट्टी. आता कारणे संपली होती. नवरा, माधव, एवढेच म्हणाला होता, "आईसमोर विषय काढू नको."

सासूबाई चहा घेऊन आल्या. "भरून दे ना व, तुह्यं अक्षर चांगलं हाय. एक वर्षच तं राह्यलं. गोष्ट बाहेर गेली तं पोरगी कोण देईन त्याले?"

इला बसली. नऊ फॉर्मांवर 'नाही' लिहिले. खाली शेवटचा प्रश्न होता, 'घरच्यांना माहीत आहे का?' तिथे तिने नऊदा नुसती रेघ मारली.

बाहेर गाडी सुरू झाली. दहाव्या फॉर्मवर बाकी सगळे कोरे ठेवून, फक्त त्या शेवटच्या प्रश्नापुढे, तिने 'हो' लिहिले. खाली स्वतःचे नाव घातले आणि फॉर्म घेऊन अंगणात आली. काजलला तिने गाडीवरून उतरवून घेतले.

"काऊन, वहिनी?"

"ती माझ्याबरोबर चालत येईल. तुम्ही प्यायलेले आहात."

शेजारच्या शोभाबाईंचा झाडू थांबला.

"हळू बोल व," दारातून सासूबाई म्हणाल्या.

"वर्षभर हळूच बोलले, आई."

बालवाडीच्या पुढच्याच चौकात सुमीतचे कॉलेज होते, तिथेच त्याचे सर भेटले असते. काजलचा डबा आणि तो फॉर्म पिशवीत घालून इला चालू लागली. दुपारी याच घरी परतायचे होते. आणि टेबलावर नऊ फॉर्म तसेच पडून होते, तिच्याच चांगल्या अक्षरात.