कानात गेलेला शंख

मी एक जुना शंख आहे, मित्रांनो. फुंकून वाजवतात तो नव्हे. मी तांदळाच्या दाण्याहून जरासाच मोठा. मला फुंकायला गेलात तर गिळून बसाल.

समुद्रातल्या एका इवल्या गोगलगायीनं मला आपल्या अंगावर थराथरानं घडवलं. पुढे एका शिकारी गोगलगायीनं माझ्या पाठीला भोक पाडून तिला खाल्लं. मी रिकामा झालो. मग खेकड्याचं एक पिल्लू भाडेकरूसारखं येऊन राहिलं, मोठं झालं, निघून गेलं. त्यानंतर लाटांनी इतकं लोळवलं की माझा रंगही गेला आणि हौसही. शेवटी एका लहान मुलीच्या चपलेला चिकटून मी तिच्या घरी आलो.

तिचे आजोबा जन्मभर सुतारकाम केलेले. यंत्राच्या करवतीच्या आवाजानं त्यांचे कान गेले, असं घरचे म्हणत. त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, म्हणून हळूहळू सगळ्यांनी बोलणंच सोडलं होतं. आजोबा खिडकीशी बसून पटाशीला धार लावत. तासायला काहीच नसे.

शंख कानाला लावला की समुद्र ऐकू येतो, असं मुलीला कुणीतरी सांगितलं होतं. मी पडलो एवढासा! दुपारी आजोबांचा डोळा लागला, तेव्हा तिनं मला सरळ त्यांच्या कानातच घातलं.

"आई गं!" आजोबा दचकून उठले. मी आणखी आत सरकलो. मुलगी रडू लागली, आजोबांची सून धावली, त्यांचा मुलगा हातातलं काम टाकून कपाळाला आठ्या घालत आला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला चिमट्यानं बाहेर काढलं. "आत अजून बरंच आहे," त्या म्हणाल्या. कोमट पाण्याच्या पिचकारीनं घट्ट काळा मळ निघाला. त्यात लाकडाचा भुसा होता, वर्षानुवर्षांचा.

"याआधी कान कधी दाखवले नव्हते?"

"वय झालंय हो त्यांचं," मुलगा हळूच म्हणाला. "आता ऐकून तरी काय करायचंय त्यांना?"

मी स्टीलच्या ट्रेमध्ये पडलो होतो. आजोबांनी मान वळवली.

"तुझा आवाज अगदी माझ्या वडिलांसारखा झालाय रे," ते म्हणाले. "कधी झाला?"

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. घरी जाताना मात्र तो आजोबांना खेटून चालला आणि कामावरचं, गल्लीतलं, कुणाचं काय चाललंय ते सांगत राहिला. आजोबा मध्येच खुदकन हसले. मी मुलीच्या मुठीत होतो, कापसात गुंडाळलेला.

मित्रांनो, मी आता दमलोय. मला जपू नका. वाळूत टाकलंत तरी चालेल, वाळू होणं मला जमेल. कानात मात्र कुणाच्या काही घालू नका. आणि घरातलं कुणी "काय म्हणालास?" असं विचारलं, तर "काही नाही" म्हणून उठून जाऊ नका. पुन्हा सांगा.