सात वाजताचं ताट

संगिताने कढईतले शेवटचे सहा वडे काढले आणि गॅस बंद केला. सातला पाच कमी होते. टपरीच्या बाकड्यावर दोन ट्रकवाले नुकतेच येऊन टेकले होते.

“बेन, बे चा,” त्यातला एक दोन बोटं दाखवत म्हणाला.

“अर्ध्या तासाने.”

“चहाला अर्धा तास?”

“घरात आजारी माणूस आहे. त्याच्या जेवायची वेळ झालीय.”

आजारी माणूस म्हणजे तिचा नवरा सुदाम. तो शेजारच्याच पंक्चरच्या दुकानात एकट्याने ट्रकचं चाक लोळवत नेत होता. ट्रकवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं, संगिताकडे पाहिलं, आणि दोघेही पुढच्या हॉटेलाकडे चालू लागले. चारोटी नाक्यावर गिऱ्हाईक तुटून पडतं ते संध्याकाळी सहा ते आठ, आणि हिने नेमकी तीच वेळ गॅस विझवायला धरलेली! पण करणार काय? माणूस राहिला तर धंदा.

तीन महिन्यांपूर्वी नाक्यावर तपासणीचं शिबिर लागलं होतं, पस्तिशीच्या आतल्या माणसांसाठी. दोघांनीही दंडाला पट्टा बांधून घेतला. तेवढ्यात दूधवाल्याची हाक आली, तशी संगिता आकडा न ऐकताच टपरीकडे पळाली. तासाभराने सुदाम आला. त्याच्या हातात एक छापील कागद होता आणि वरच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलं होतं, १४६/९४.

“माझं प्रेशर वाढलंय,” तो म्हणाला. “गोळी आत्ताच नको म्हणाले. तीन महिने जेवण सांभाळून बघायचं. सातला जेवायचं, मीठ कमी. खाली बसून, मोबाईल लांब ठेवून, आधी दहा श्वास शांत घ्यायचे. आणि एकट्यानं नाही जेवायचं. एकटा माणूस भराभरा गिळतो.”

संगिताची आई, सुकी, बेचाळिशीत चुलीपुढे बसल्या बसल्या गेली होती. सगळ्यांचं झालं की मी जेवते, असं म्हणायची. त्या दिवशीही तिचं ताट तसंच पालथं राहिलं होतं. सुदाम तर अजून तिशीचा. हा असा गेला तर आपण कुणाच्या तोंडाकडे बघायचं, या विचाराने संगिताला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सुक्या बोंबलाचा डबा उचलला आणि पलीकडच्या जिवलीच्या घरी नेऊन ठेवला. बोंबलाशिवाय सुदामला घास उतरत नसे. पण बोंबलात मीठ, आणि मिठाशी आता तिचं वैर.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. टपरीमागच्या खोलीत दोन ताटं, भाकर, अळणी डाळ, शेवग्याचा पाला. सुदाम मांडी घालून बसायचा.

“डोळे मिट, संगे.”

“दुखणं तुझं, डोळे मी कशाला मिटू?”

“मिट ना. मला एकट्याला जमत नाही.”

मग तो हळू आवाजात मोजायचा. साडेचारला उठलेली संगिता पाचव्या श्वासालाच पेंगायची आणि दहाव्याला दचकून जागी व्हायची. पूर्वी ती दिवसभर अर्धा अर्धा कप चहावर काढायची आणि टपरी बंद करताना उरलेले वडे उभ्या उभ्या तोंडात टाकायची. आता समोर ताट असायचं, म्हणून जेवायची.

तीन महिने भरले. रविवारी दोघं मिळून दाखवायला जाऊ, असं सुदाम म्हणायचा. तू जा ना, माझं तिथे काय काम, असं ती म्हणायची. एकटा मी जाणार नाही, असं तो. चार रविवार असे गेले. शेवटी बुधवारी दुपारी संगिता वैतागून स्वतःच आरोग्य उपकेंद्रात गेली.

“सिस्टर, एक नक्की दिवस सांगा. त्याला कान धरून आणते.”

“कुणाला?” प्राजक्ता सिस्टरने वही काढली.

“सुदामला. त्याचं प्रेशर…”

“त्याला काय झालंय? तूच बस. दंड पुढे कर.”

सिस्टरने वही तिच्याकडे फिरवली आणि बोट ठेवलं. सुदाम, ११८/७६. त्याच्याखाली संगिता, १४६/९४.

“शिबिरातून तू पळालीस, म्हणून तुझा कागद त्याच्याकडे दिला. काही बोलला नाही तो?”

संगिताने त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं.

“बोलला,” ती म्हणाली.

पट्टा दंडावर आवळला आणि सैल झाला.

“एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. अगं, चांगलं उतरलंय की! काय केलंस?”

“काही नाही. जेवले.”

परत येताना तिला आधी संताप आला. लबाड कुठला! इतके महिने बनवलं आपल्याला. मग आठवलं, परवाच त्याने चिमूटभर मीठ मागितलं तर आपण केवढ्यांदा ओरडलो होतो, आणि तो मुकाट्याने अळणी डाळ प्यायला होता. त्याने खरं सांगितलं असतं तर? मला काय धाड भरलीय, म्हणत आपण दुसरा घाणा कढईत सोडला असता. तिला रडू आलं. रस्त्यावरचे लोक बघत होते, बघू देत. तोंड पुसून ती जिवलीच्या दारात थांबली आणि बोंबलाचा डबा मागून घेतला.

सातला पाच कमी असताना तिने गॅस बंद केला.

“बेन, चा मिळेल?” एक ट्रकवाला आला.

“अर्ध्या तासाने. माझी जेवायची वेळ झालीय.”

तिने दोन ताटं वाढली. भाजलेले दोन बोंबील सुदामच्या ताटात ठेवले. स्वतःच्या ताटात अळणी डाळ वाढून घेतली.

सुदाम हात धुऊन आला. त्याने बोंबलाकडे पाहिलं, तिच्या ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“हे मला चालतं?”

“तुला चालतं,” संगिता म्हणाली. “बस. मोज.”

तिने डोळे मिटले. त्याने मोजायला सुरुवात केली. तिसऱ्यालाच तो मोजायचा थांबला, तेव्हा पुढचे सात तिने मोजले.