रानातल्या शेंगांची घुटी

“तुझ्या सासूबाई फार लवकर कबूल झाल्या. मला ते खटकतंय,” माझी मैत्रीण शॅरन म्हणाली होती. आम्ही दोघी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभ्या होतो, मुक्ता माझ्या कडेवर होती. मी हसले. म्हटलं, “तुला आमच्या आई माहीत नाहीत.”

मुक्ताला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, तेव्हा ती दीड वर्षाची होती. आमच्या घरात हे म्हणजे उद्यापासून मीठ बंद म्हणण्यासारखं. वांग्यात कूट, काकडीत कूट, उपवासाच्या खिचडीत तर कूटच कूट. सासऱ्यांच्या पारनेरकडच्या रानातली शेंग पोत्याने घरी यायची. आई दर रविवारी मंद आचेवर दाणे भाजायच्या, चोळायच्या आणि गॅलरीत उभं राहून सुपाने पाखडायच्या. खालच्या मजल्यावरच्या बाई फोलपटांवरून भांडायला यायच्या. डॉक्टरांकडून आलो त्याच दुपारी आईंनी कुटाचा डबा उचलून त्याच बाईंना देऊन टाकला. म्हणाल्या, “पोरीपरीस कूट मोठं हाय का?” दुसऱ्या दिवसापासून भाजीत तीळ आणि सुकं खोबरं. मी संगमनेरला माहेरी फोन करून सांगितलं, सासू मिळावी तर अशी.

शॅरनचं बोलणं मी मनावर घेतलं नाही ते त्यामुळे.

मुक्ता आता चौथीत आहे. म्हणजे इयत्ता नव्हे, वयाचं चौथं वर्ष. मी नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सकाळची बालवाडी सोडली तर दिवसभर ती आईंजवळ असायची. गेल्या उन्हाळ्यापासून तिच्या अंगावर मधूनच गांधी उठायला लागल्या. कधी ओठ सुजायचे, कधी जेवल्यावर भडभडून उलटी व्हायची. मी दूध बदललं. साबण बदलला, गादी बदलली. शाळेत जाऊन कुणाच्या डब्यात काय असतं ते विचारून आले, तिथल्या बाई माझ्याकडे बघून कंटाळल्या. एकदा तिचा श्वास घरघरायला लागला, तेव्हा माझ्या नवऱ्याने, हर्षलने, गाडी काढली, सिग्नल तोडत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “शेंगदाण्याचं काही पोटात गेलं का?” हर्षल म्हणाला, “नाही, आमच्या घरात येतच नाही.” मी मान डोलावली.

हर्षल सुप्याच्या एमआयडीसीत आहे. त्याला बढती मिळाली म्हणून त्याने रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला न्यायचं ठरवलं. सगळे म्हणजे आम्ही तिघं, आई, हर्षलची बहीण रेश्मा तिच्या तान्ह्या गोरखला घेऊन, आणि शॅरन व तिचा नवरा योसेफ. योसेफ हर्षलच्याच कारखान्यात आहे. पुणे रस्त्याला मलेशियन आणि चायनीज जेवणाचं नवं हॉटेल निघालं होतं. कारखान्यांत परदेशातले इंजिनिअर येतात, त्यांच्या जिवावर चालणारं. लाल कंदील, काचेची भिंत, पलीकडे ज्वारीचं रान.

मी आधी मोबाईलवर त्यांचा सगळा मेनू वाचला. मलेशियन जेवणात दाणे कुठे कुठे असतात ते शोधलं. मॅनेजरला फोन केला. तो भला माणूस होता; म्हणाला, “मॅडम, बेबीसाठी वेगळी कढई, वेगळं तेल. मी स्वतः उभा राहतो.”

बसल्या बसल्या रेश्माने सॅटे मागवलं. काडीला टोचून भाजलेलं चिकन, सोबत शेंगदाण्याची दाट चटणी.

“ते नको ना,” मी म्हटलं.

“वहिनी, एक दिवस. आम्ही काय तिच्या तोंडात घालणारोय का?”

“ज्ञानू, टेबलाच्या त्या टोकाला ठेवू,” हर्षल मला म्हणाला. “बढती माझी, तोंडं तुमची का पडलीत?”

मी मुक्ताला घेऊन अलीकडच्या टोकाला बसले. औषधाची बाटली पर्समधून काढून मांडीवर ठेवली. योसेफला चॉपस्टिक जमेनात, तो म्हणाला, “ह्याने जेवायचं तर पगार निम्मा आणि वेळ दुप्पट लागंल.” आईंनी नूडल्स चमच्याने वर उचलून बघितल्या. “शेवयाच हायत की. मोडायचा कंटाळा केलाय नुस्ता.” सगळे हसले. मीही हसले. खूप दिवसांनी मला खांदे सैल सोडून बसता आलं होतं.

मग सॅटे आलं. वेटरने ते माझ्या डोक्यावरून पलीकडे नेलं. मुक्ताने नाक वर केलं.

“मम्मा, आजीच्या घुटीचा वास.”

मी म्हटलं, “कुठे गं?”

तिने चटणीच्या वाटीकडे बोट केलं. “ती. आजी देते ती. मधात.”

मुक्ताची घुटी कधीच बंद झाली होती. आता घुटी कसली, असं कुणीही विचारलं असतं. विचारलं फक्त शॅरनने. “कसली घुटी, मुक्ता?”

हर्षलने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. रेश्मा गोरखचं तोंड पुसायला लागली, ते पुसलेलंच होतं. योसेफने एकदा हर्षलकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी एकेकाचा चेहरा बघत गेले. योसेफलासुद्धा माहीत होतं.

“आई,” मी म्हटलं, “तुम्ही मुक्ताला दाणे देता?”

“दानं न्हाई.” आई शांत होत्या. “सहाणेवर उगाळून. आधी एक वेढा, मंग दोन. घुटीतल्या हळदी-मुरडशिंगीचं कसं असतं, तसं. अंगाला वळख झाली की सोसतं.”

“डॉक्टर काय म्हणाले होते तुमच्यासमोर?”

“डाक्टर दुकानातल्या दान्याचं बोलला. त्याला पावडर लावत्यात, फवारे मारत्यात, ते बाधनारच. ह्यो दाना आपल्या रानातला हाय. तिच्या आज्याच्या हातचा. आपल्या मातीतलं आपल्या रक्ताला कसं बाधंल? मी काय इख दिलं व्हय तिला?”

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ते खरोखर तसंच वाटत होतं. आईंचा मला राग आला, पण त्यांच्या तोंडावर मला लपवाछपवी दिसली नाही. ती दिसली शेजारच्या खुर्चीत.

“तुम्हाला माहीत होतं?” मी हर्षलला विचारलं.

“हळू बोल. लोक बघतायत.”

“माहीत होतं?”

“अगं, परदेशात असंच करतात. थोडं थोडं देऊन सवय लावतात. मी वाचलंय त्यावर.”

“दवाखान्यात देतात. डॉक्टर समोर बसलेला असतो. मोजून देतात.”

“तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? तू घाबरतेस सगळ्यालाच.”

योसेफ मध्येच पुटपुटला, “मला वाटलं, वहिनींना विचारून चाललंय.” शॅरनने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गादी मी जिन्यावरून एकटीने खाली नेली होती. हर्षल सोफ्यावर बसून बघत होता. म्हणाला होता, धूळ असेल, बरं केलंस. मी शाळेत चौकशी करून आले त्या दिवशी त्याने मला चहा करून दिला होता. आणि दवाखान्यात, मुक्ताच्या नाकावर वाफेचा मास्क असताना, त्याने डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, नाही.

“तू डॉक्टरांना नाही म्हणालास,” मी म्हटलं. आईंसमोर मी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. “तिला श्वास घेता येत नव्हता आणि तू नाही म्हणालास.”

“आईचं नाव घेऊ का मग पोलिसात? बरी झाली ना ती?”

आईंना वाद मिटवायचा होता. त्यांनी गोरखकडे हात केला. “बघा की. ह्याला तर तिसऱ्या म्हैन्यापासून चालू केलंय. ह्याला काय धाड भरलीय?”

मी तेव्हा पहिल्यांदा गोरखकडे नीट पाहिलं. सात-आठ महिन्यांचं गोरंगोमटं बाळ. दोन्ही गालांवर लाल, खरखरीत चट्टे. मानेच्या घडीतही तसेच, ओलसर.

“रेश्मा, हे कधीपासून?”

“उष्णता आहे, वहिनी.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“तुमच्यासारखं सारखं दवाखान्यात पळायला आम्हाला नाही जमत.” तिने त्याचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.

मी मुक्ताला उचललं. शॅरन माझ्या आधी उठली होती, गाडीची किल्ली तिच्या हातात होती. हर्षल खुर्चीतून म्हणाला, “जेवण टाकून कुठं चाललीस? आईला किती वाईट वाटेल.” मुक्ताला वाटलं तिनेच काहीतरी केलं. गाडीत ती मला म्हणत राहिली, “मी नाही मागत घुटी, मम्मा. आजीच म्हणते, मम्माला नाही सांगायचं.”

आता आम्ही संगमनेरला आहोत. इथे आल्यापासून मुक्ताच्या अंगावर एकही गांधी उठलेली नाही. नव्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, घुटीसकट. हर्षलचे मेसेज येतात: आई रडते, पोरीला कधी आणतेस. गादीबद्दल, मास्कबद्दल एक शब्द नसतो. मी उत्तर लिहिते आणि पुसते. रात्री मुक्ताचा श्वास ऐकत पडते, तो ठीक असतो, तरी ऐकते.

पण गोरख डोळ्यांसमोरून जात नाही. रेश्माने माझा नंबर ब्लॉक केला. शॅरन तिच्या घरी जाऊन आली, आत टीव्ही चालू होता, दार कुणी उघडलं नाही. रेश्माचा नवरा ट्रेलरवर असतो, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. आणि आई आता तिच्याकडेच राहायला गेल्यात, सहाण घेऊन.

कदाचित त्याला काही होणारही नाही. पुष्कळ बाळांना होत नाही, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं. पण ज्याच्या अंगावर असे चट्टे आहेत त्याला आधी तपासायला हवं, हेही त्यांनीच सांगितलं. तेवढं तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते कुणीतरी मी असून चालणार नाही.

तुम्ही सुप्याकडचे असाल तर बाजारतळाच्या मागच्या गल्लीत रेश्माचं निळ्या जाळीचं घर विचारा. माझं नाव घेऊ नका. बाळ बघायला आलो म्हणा, तसं म्हटल्यावर आई कुणाला दारातून परत पाठवत नाहीत. त्याला मांडीवर घ्या, उजेडाकडे वळवा. ओठ बघा, डोळ्यांच्या कडा बघा, मानेची घडी बघा. आणि तो कसा श्वास घेतोय, ते थोडा वेळ बसून ऐका.