सवडीनं बघा

आमच्या ह्यांच्या दुकानात मिक्सर, पंखे, इस्त्र्या, शिलाई मशीन असं सगळं दुरुस्तीला येतं. ह्यांची कामाची पद्धत एकच: जो समोर उभा राहून डोकं खाईल त्याची वस्तू आधी. हातात कसब आहे, पण तोंडातून 'नाही' निघेल तर शपथ! येईल त्याला एकच उत्तर, "संध्याकाळी या." अशा किती संध्याकाळी लोकांनी दुकानाच्या पायरीवर काढल्या असतील, देव जाणे.

माझं शिलाई मशीनही चार महिने तिथंच धूळ खात पडलं होतं. त्यात या आठवड्यात हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी साठ एप्रनची ऑर्डर देऊ केली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मशीनच नाही, तर कुठल्या तोंडानं हो म्हणणार? शुक्रवारी सकाळी माझं टाळकं सटकलं. घराला कुलूप लावलं आणि तडक दुकान गाठलं.

"अगं, तू इथं?"

"गिऱ्हाईक म्हणून आलेय. माझं मशीन द्या."

"देतो की. जरा गर्दी आवरू दे. तोवर काउंटर सांभाळतेस?"

म्हणजे इथंही मलाच जुंपलं. पण बसले. पहिला आला शेजारचा कापडवाला, टेबलफॅनसाठी. आल्या आल्या आवाज चढवला.

"भाऊ, आज नाही मिळाला तर काय अडेल?" मी विचारलं.

तो गांगरला. "अडायचं काय... दुसरा आहे म्हणा दुकानात."

"मग सोमवारी न्या."

ह्यांनी आतून डोळे वटारले. मी ढुंकूनही पाहिलं नाही. मास्तरीणबाईंची इस्त्री मंगळवारवर गेली, पण एकदाचा नक्की वार कळला म्हणून त्या चक्क हसत घरी गेल्या.

मग एक आजोबा आले. दाराशीच थांबले. "वाफेचं मशीन टाकलं होतं. सवड झाली की द्या, घाई नाही."

मी त्यांनाही तेच विचारलं. ते जरा घुटमळले. "आमच्या हिला दम लागतो. आडवं होता येत नाही. बसूनच रात्र काढते बिचारी."

मशीनला लावलेल्या चिठ्ठीवर तारीख होती नऊ दिवसांपूर्वीची. मी ती ह्यांच्यापुढे धरली. ह्यांचा चेहरा पडला. वीस मिनिटांत मशीन सुरू झालं. एक नळी बदलायची होती, बस. आजोबा आभार मानत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

ते गेल्यावर हे माझ्याकडे वळले. "आणि तुझं काय अडलंय?"

मी तोंड उघडलं आणि मला आठवलं. मशीन दुकानात देताना मीच म्हटलं होतं, "सवडीनं बघा." ऑर्डरबद्दल तर अवाक्षर काढलं नव्हतं. मी मनातल्या मनात धुमसत होते आणि ह्यांना पत्ताच नव्हता.

"साठ एप्रन आहेत," मी म्हटलं. "आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचंय. मला ते काम हवंय हो. फार हवंय." बोलता बोलता रडूच फुटलं.

ह्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. बाहेरून कुणीतरी मिक्सरसाठी ओरडलं. "आज नाही जमणार," हे म्हणाले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण हे शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

दोन तासांनी चिंधीवर सरळ टीप पडली. मी लगेच मेट्रनबाईंना फोन लावला.

"किती दिवसांत द्याल?"

'आठवड्यात देते' अगदी जिभेवर आलं होतं. पण घरचं सगळं उरकून दिवसाला तीन-चारच एप्रन होतील, हा हिशोब मला पाठ होता. "तीन आठवडे लागतील," मी म्हणाले.

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "मागच्या माणसानं आठवड्यात देतो म्हणून तीन महिने लावले. तुम्ही निदान खरं तरी सांगितलंत."

फोन स्पीकरवर होता. हे मान खाली घालून मिक्सर उघडत होते, कान मात्र लालबुंद झाले होते.