क्वार्टरबॅकच्या कानातला आवाज

नऊ वर्षं मी देवदत्तच्या कानात बोलले. कोणी म्हणेल, सुमित्राताई, मंडळाचं नाटक ते, एवढं काय मनावर घ्यायचं. ज्याला असं वाटतं त्याने टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला माझ्या घरी यावं. चहा देईन आणि दोन शब्द ऐकवेनही.

देवदत्त म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा हिरो. वय बावन्न, आयटी कंपनीत मॅनेजर, केस अजून दाट, आणि आवाज असा की मागच्या रांगेत झोपलेलं मूल उठून बसतं. खोट एकच. पाठांतर शून्य. पहिल्या वर्षी भर प्रयोगात त्याने एकच वाक्य तीनदा म्हटलं आणि चौथ्यांदा म्हणायच्या बेतात होता, तेव्हा मी विंगेतून जवळजवळ ओरडून त्याला पुढचं दिलं. मी प्रॉम्प्टर. नागपूरला कॉलेजात होते तेव्हापासून प्रॉम्प्टर. त्यानंतर मी एक युक्ती काढली. बटणाएवढा इअरपीस ऑनलाइन मागवला, तो त्याच्या केसांत दडेल असा कानात बसवला, त्याचा फोन त्याच्या खिशात, माझा माझ्या हातात. मी विंगेत बसून कुजबुजायचं, त्याने स्टेजवर गरजायचं. स्पर्धेच्या नियमात प्रॉम्प्टिंग चालतं, कोणत्या मार्गाने ते कुठेच लिहिलेलं नाही.

टेक्सासमधल्या सगळ्या मंडळांची मिळून दर फेब्रुवारीत एकपात्री स्पर्धा होते. ह्यूस्टन, ऑस्टिन, सॅन अँटोनियो, सगळीकडून लोक येतात. त्यात देवदत्त लागोपाठ चार वर्षं उत्कृष्ट अभिनेता. पाच वेळा कोणीच जिंकलेलं नाही, त्यामुळे पाचवी ट्रॉफी त्याच्या डोक्यात बसली होती. त्याच्या दिवाणखान्यात चार ट्रॉफ्यांशेजारी त्याने पाचवीसाठी जागा सोडून ठेवली होती. मी ती स्वतः पाहिली आहे, तिच्यावर धूळसुद्धा नसायची.

आता फुटबॉलचं सांगते, हेल्मेट घालून हाताने खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलचं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी लेक नैना हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. शाळेच्या मॅचला बँड वाजतो, त्यामुळे चार वर्षं दर शुक्रवारी मी स्टेडियममध्ये. नवरा पुरुषोत्तम नाचोज खायचा आणि मी गेम बघायची. सुरुवातीला मला वाटायचं, ही काय धटिंगणांची ढकलाढकली. पण क्वार्टरबॅक म्हणजे सगळा खेळ ज्याच्या हातातून निघतो तो गडी, त्याच्यावर माझी नजर बसली. मग टीव्हीवर मोठ्या लोकांच्या मॅचेस बघायला लागले आणि एक दिवस कळलं, की या क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. मैदानाच्या कडेला उभा कोच त्याच्या कानात सांगतो, हे कर, तिकडे फेक. आणि प्रत्येक चालीआधी घड्याळात पंधरा सेकंद उरले, की तो आवाज आपोआप बंद होतो. नियमच आहे तसा. पुढचं त्याचं त्याने बघायचं.

मी सोफ्यावर उठून बसले. म्हटलं, अरे, ही तर मीच.

त्यातून मी एकपात्री लिहिलं. चॅम्पियन क्वार्टरबॅक आणि पुरस्कारवाला नट, दोघांची तुलना. एकाला कोवळ्या वयात ट्रॉफी मिळते आणि मग तो जन्मभर तोच एक खेळ सांगत बसतो. दुसऱ्याला मरणाच्या सीनसाठी पुरस्कार मिळतो आणि मग तो प्रत्येक सिनेमात मरतो. क्वार्टरबॅकसमोर पाच आडदांड गडी अंगावर मार घेत उभे असतात, त्यांची नावं कोणाला माहीत नसतात, तसेच नटामागे लिहिणारे आणि फिल्म कापणारे. आणि सगळ्यात गुणी असून कधीच न जिंकलेला नट, जो दर वर्षी कोट घालून पहिल्या रांगेत बसतो आणि दुसऱ्याचं नाव पुकारलं की हसून टाळ्या वाजवतो. माझं म्हणणं असं, की त्या टाळ्यांच्या अभिनयाला पुरस्कार द्यायला हवा. सतरा मिनिटांचं स्क्रिप्ट. मला स्वतःला करायचं होतं ते. साठीला आले, एकदा तरी विंगेतून बाहेर यायचं होतं, आणि माझ्या शब्दांवर माझं नाव ऐकायचं होतं. एवढीच इच्छा, काही ताजमहाल मागितला नव्हता.

ऑक्टोबरमध्ये देवदत्तला घरी बोलावून वाचून दाखवलं. समोर चिवडा ठेवला होता, तो खात खात त्याने सगळं ऐकलं. शेवटी हात झटकून म्हणाला, "ताई, काय लिहिलंय. पण हे तुम्ही करू नका यार. तुमचा आवाज पोचत नाही. प्रॉम्प्टरचा आवाज आहे तुमचा. मी करतो, लेखिका म्हणून तुमचं नाव टाकू."

मला लागलं ते. पण खोटं कशाला सांगू, थोडं पटलंही. जन्म कुजबुजण्यात गेलेला. हो म्हटलं.

जानेवारीत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर आलं. त्यावर देवदत्तचा हात उंचावलेला फोटो, बगलेत फुटबॉल, आणि खाली लिहिलेलं: लेखन, दिग्दर्शन, अभिनय, देवदत्त. मी पोस्टर मोठं करून, बाजूला सरकवून, उलटं करून पाहिलं. माझं नाव कुठेच नव्हतं. खाली त्रेचाळीस जणांचे अंगठे आणि "लेखणीही जोरदार" असे अभिप्राय. त्याने प्रत्येकाला हात जोडून धन्यवाद दिले होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन लावला.

"अहो ताई, डिझाइनमध्ये जागा नव्हती," तो म्हणाला. "आणि लोकांच्या लक्षात एकच नाव राहतं, क्वार्टरबॅकचं. तुम्हीच लिहिलंय ना, आवाजाला ट्रॉफी मिळत नाही म्हणून?"

माझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकून तो हसला. वर म्हणाला, "स्पर्धेच्या दिवशी सकाळी दहाला साउंड चेक आहे, इअरपीस चार्ज करून आणा हं."

मी म्हटलं, "आणते."

मी फोन ठेवला. पुरुषोत्तम म्हणाला, मीटिंगमध्ये विषय काढ. कशाला? सगळे मिळून समजूत घालतील, पुढच्या पोस्टरवर बारीक अक्षरांत नाव टाकतील आणि मी कशी कटकटी आहे ते वर्षभर बोलतील. मला समजूत नको होती. मला त्याच्या तोंडून हवं होतं. मी कपाट उघडून स्पर्धेची नियमावली काढली. ती सगळी मीच मराठीत टाइप केलेली आहे, त्यामुळे काय कुठे आहे ते पाठ होतं. तरी नियम सात पुन्हा वाचला. सादरीकरण सुरू असताना रंगमंचावर दुसरी व्यक्ती आल्यास प्रवेशिका बाद. एका वर्षी एकाने शेवटी बायकोला स्टेजवर बोलावून हार घालून घेतला होता, तेव्हापासून हा नियम आहे.

स्पर्धा सुपर बोलच्या, म्हणजे फुटबॉलच्या वर्षाच्या फायनलच्या, आदल्या शनिवारी दुपारी होती, एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये. सहाशे माणसं. बाहेर बटाटेवड्याची लाइन, आत तीन परीक्षक, आणि मंडळाचा कॅमेरा स्टँडवर लावलेला, सगळं थेट यूट्यूबवर जात होतं. नैना डॅलसहून आली होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "आई, यू आर स्मायलिंग वियर्ड." मी तिला पहिल्या रांगेत बसायला पाठवलं.

देवदत्तने जर्सी घातली होती. मी त्याच्या कानात इअरपीस बसवला, केस सारखे केले. तो म्हणाला, "ताई, आज जरा हळू द्या, भाव दाखवायला वेळ मिळेल." मी म्हटलं, "तुला हवा तेवढा वेळ देते."

आणि खरं सांगते, त्या दिवशी मी जीव ओतून प्रॉम्प्ट केलं. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, सगळं कानात सांगत गेले. टाळ्या वाजवणाऱ्या नटाच्या जागी तर मागून शिट्ट्या आल्या. मला तो तसाच वर चढायला हवा होता. पंधरा मिनिटं त्याने माझ्या शब्दांवर राज्य केलं आणि एक परीक्षक पेन खाली ठेवून नुसता बघत बसला.

मग ती जागा आली. देवदत्त स्टेजच्या मध्यभागी, वर एकच दिवा. मी कानात दिलं आणि तो म्हणाला, "घड्याळात पंधरा सेकंद उरले, की हेल्मेटमधला आवाज बंद होतो. बघा, माझ्या कानातला आवाज आता बंद झाला. आता मी एकटा."

यापुढे दोन मिनिटांचं स्वगत होतं. सगळ्या स्क्रिप्टचा जीव त्यात होता.

मी गप्प बसले.

लोकांना वाटलं, काय पॉज घेतलाय. तीन सेकंद, चार सेकंद. देवदत्त हसला. ते हसू मला ओळखीचं आहे, नऊ वर्षं बघतेय, त्याचा अर्थ "ताई, लवकर". सात झाले. त्याने कानामागे बोट नेऊन केस सारखे केल्यासारखं केलं. दहाला त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. बाराला त्याने सरळ विंगेत पाहिलं आणि मी त्याला फोन उंच करून दाखवला, म्हणजे लाइन तुटलेली नाही, मीच बोलत नाहीये, हे कळावं. मला दया आली का? नाही आली. पोस्टर आठवलं आणि बरं वाटलं.

बरोबर पंधरा सेकंद झाल्यावर मी कुजबुजले, "पुढचं घे. हे मी लिहिलेलं नाही."

बुडणाऱ्याने काठी धरावी तसं त्याने ते वाक्य धरलं. नऊ वर्षांची सवय, कानात आलं की तोंडातून गेलं. "हे मी लिहिलेलं नाही," तो आपल्या त्या भरदार आवाजात सहाशे माणसांना म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला कळलं. त्याचा चेहरा पडलेला मी पाहिला.

"हे सुमित्रा खानझोडे यांनी लिहिलं," मी कानात म्हटलं. "मी ते चोरलं."

त्याने ओठ मिटून घेतले. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं.

"देवदत्त, हे म्हण, मग पुढचं देते. नाहीतर उभा राहा तिथेच. सगळं थेट चाललंय."

आणखी पाच-सहा सेकंद गेले असतील. सोडलेली जागा दिसत असणार त्याला, ट्रॉफीची. शेवटी तो म्हणाला, "हे सुमित्रा खानझोडे यांनी लिहिलं. मी ते चोरलं." आवाज बारीक झाला होता, पण माइक चांगला होता. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

मी शब्द पाळणारी बाई आहे. पुढचं देते म्हटलं होतं, दिलं. फक्त कानात नाही दिलं. फोन खुर्चीवर ठेवला, कागद ठेवले आणि स्टेजवर चालत गेले.

दिव्याखाली पोचले आणि मला काही आठवेना. माझंच लिखाण, आणि डोकं रिकामं. हातात कागद नसताना लोकांसमोर उभं राहायची ही पहिली वेळ. समोर नुसता काळोख, आणि पहिल्या रांगेत नैनाचे दात. मी पोटापासून श्वास घेतला आणि ते आलं.

"ट्रॉफी हातात आली, की तो देवाचे आभार मानतो," मी म्हटलं. "आईचे मानतो, बायकोचे मानतो. ज्याने कानात सांगितलं त्याचे आभार मानलेला गडी मी अजून पाहिला नाही. नटही तसाच. म्हणून म्हणते, ट्रॉफी द्या, खुशाल द्या, पण आवाज बंद झाल्यावर तो काय करतो ते बघून द्या." दोन मिनिटं बोलले, सगळं देवदत्तकडे बघत. तो जर्सीत उभा होता, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. माझा आवाज पोचला. मागच्या रांगेतल्या बाईने नंतर वडा हातात धरून मला तसं येऊन सांगितलं.

टाळ्या खूप झाल्या. अर्ध्या लोकांना ते सगळं नाटकातलंच वाटलं. परीक्षकांनी आपापसांत कुजबुज केली, नियमावली मागवली आणि पाच वाजता जाहीर केलं, नियम सात, प्रवेशिका बाद. अभिनय बाद, लेखन बाद, सगळं बाद. उत्कृष्ट अभिनेता म्हणून ऑस्टिनच्या एका पोराचं नाव पुकारलं. देवदत्त पहिल्या रांगेत बसला होता. त्याने हसून टाळ्या वाजवल्या, पण अभिनय फार कच्चा झाला.

पार्किंगमध्ये त्याने मला गाठलं. ऊन अजून होतं, लोक गाड्यांत खुर्च्या आणि डबे भरत होते. "नियम तुम्हीच टाइप केलेत ताई," तो म्हणाला. "माहीत होतं तुम्हाला. माझी पाचवी गेली. पण लेखनाचं बक्षीस तुम्हाला मिळालं असतं ना, आता तुमचंही गेलं."

"माझं काय होतं रे जायला?" मी म्हटलं. "नाव हवं होतं. ते तुझ्या आवाजात मिळालं, आणि तुझा आवाज पोचतो."

 त्याने तोंड उघडलं आणि तसाच माझ्याकडे बघत राहिला, पुढचं वाक्य द्याल का अशा नजरेने. नऊ वर्षांची सवय. नैनाने गाडी सुरू केली होती. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "तो इअरपीस माझा आहे." त्याने तो कानातून काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी टिश्यूने पुसला आणि पर्समध्ये टाकला.